डाव्या कानातला सूर

देविदास राठोडचा डावा कान बिघडला तो आखाडा बाळापुरात, मंदिराच्या ओसरीवर, भर सकाळच्या उन्हात. कान पुरता बहिरा झाला असता तर आपण इतके घाबरलो नसतो, असं तो मला नंतर म्हणाला. झालं ते वेगळंच होतं.

देविदास सेनगावजवळच्या तांड्यावरचा. घरी थोडी कोरडवाहू जमीन आहे, सोयाबीन आणि तूर होते. पण लोक त्याला ओळखतात ते पेटी दुरुस्त करणारा म्हणून. जिल्ह्यात कुठल्या भजनी मंडळाची पेटी बेसूर झाली, कुणाचा भाता फाटला, की फोन त्यालाच. सेनगावच्या स्टँडवर माझं झेरॉक्सचं दुकान आहे. खांद्याला हत्यारांची पिशवी अडकवून तो माझ्या बाकावर जीपची वाट बघत बसायचा, त्यातून आमची ओळख झाली. पुढचं सगळं मी त्याच बाकावर ऐकलेलं आहे, काही त्याच्याकडून, काही त्याच्या बायकोकडून, शकुंतलाकडून.

त्या सकाळी बाळापुरात त्यानं मंडळाच्या पेटीचा फाटका भाता बदलला. काम सोपं होतं. मंडळाचे म्हातारे पेटीवाले दगडोबा समोर पाय पसरून बसले होते. भाता बसवून देविदासनं सा दाबला, आणि त्याला दोन सा ऐकू आले. एक नेहमीचा. दुसरा जरा चढलेला, पातळ, पत्र्याच्या डब्यातून कुणीतरी ओरडावं तसा.

पेटीत एका पट्टीखाली दोन रीड असतात, त्यातली एक सरकली असेल असं त्याला वाटलं. त्यानं रीड बाहेर काढली, कानशीनं तिच्या टोकाला जरासं घासलं, परत बसवली. तरी दोनच. मग दुसरी काढली, ती घासली.

"काय करून राहिला रे देविदास?" दगडोबा म्हणाले. "भाता फाटला होता. सूर तर बराबर होते."

"दोन-दोन वाजून राहिले ना काका. ऐका की."

दगडोबांनी मान वाकडी करून ऐकलं. "मघा एकच होता. आता तू घासल्यावर बिघडला."

देविदासनं उगीचच उजव्या कानात बोट घातलं. सगळ्या पेटीचा सूर वर चढला. बोट काढून डाव्या कानात घातलं. सूर खाली आला, जागेवर आला. त्यानं परत बोट बदललं, परत बदललं. पेटी तीच होती, दाबलेली पट्टी तीच होती. त्याचे दोन कान त्याला दोन वेगळ्या गोष्टी सांगत होते.

दोन चांगल्या रीडा आपण खराब केल्या, हे त्याला तेव्हाच कळलं. त्यानं पिशवीतल्या नव्या रीडा काढल्या, डाव्या कानात कापूस कोंबला आणि उजव्या कानानं कसंबसं काम पुरं केलं. रीडमध्ये धूळ होती असं दगडोबांना सांगितलं आणि चहा न पिताच निघाला. जीपमध्ये समोरच्या ट्रकनं हॉर्न दिला, तोही दुहेरी. डाव्या कानात एक बारीक शिट्टी सुरू झाली होती, ती सेनगाव आलं तरी थांबली नाही.

हा माणूस कानावर जगत होता, म्हणून त्याच्या तरुणपणाचं थोडं सांगावं लागेल. त्याचे वडील प्रेमदास दरवर्षी ऊसतोडीला जायचे. देविदास मिसरूड फुटायच्या वयात हैदराबादला पळाला आणि एका पियानोच्या दुकानात हमालीला लागला. पियानो उचलायचे, जिन्यावरून उतरवायचे, टेम्पोत चढवायचे. दुकानाचे म्हातारे मालक पियानो सुरात लावायचे. सगळे त्यांना मास्टर म्हणायचे. या पोराला सूर हलतो ते ऐकू येतं, हे मास्टरांच्या लक्षात आलं. दोन तारा जवळजवळ सारख्या असल्या पण पुरत्या सारख्या नसल्या की आवाज वाव-वाव करत हलतो. मास्टर त्याला लहर म्हणायचे. "पानी हिल रहा क्या, देख," असं विचारायचे. तारेची खुंटी किल्लीनं कणभर फिरवली की लहर मंद होते, आणखी कणभर फिरवली की पाणी थांबतं. देविदासला ते थांबलेलं पाणी ऐकू यायचं. हमालीतून तो किल्लीवर आला. वडील गेल्यावर तांड्यावर परतला, लग्न केलं, पेट्यांचं काम धरलं. वर्षातून काही वेळा नांदेडचे एक-दोन पियानो आणि वसमतचा एक, एवढे पियानो त्याच्याकडे राहिले.

बाळापुराहून आल्यावर त्यानं घरात काही सांगितलं नाही. कुकरची शिट्टी, शेळी, मोबाईलची रिंग, सगळं आधी एका कानानं, मग दुसऱ्या कानानं तपासू लागला. त्याची मुलगी निता नांदेडला नर्सिंग शिकते. तिचा फोन आला तेव्हा त्यानं सवयीनं तो डाव्या कानाला लावला.

"बापू, जेवलात का?"

तो आवाज निताचा नव्हता. शब्द तिचे, बोलायची ढब तिची, पण आवाज दुसऱ्याच कुणाचा, कोरडा, किनरा. त्यानं घाबरून फोन बंद केला. तिनं परत केला तर उचललाच नाही. "लेकीचा आवाज ऐकून अंगावर काटा आला," तो मला म्हणाला. "भूतबाधेच्या गोष्टी आमी लहानपणी लई ऐकलेल्या. तसंच वाटलं."

शकुंतलाच्या ध्यानात यायला वेळ लागला नाही. नवरा बोलताना मान वळवतो, उजवीकडे येऊन बसतो, पहाटे उठून उजव्या कानाजवळ चुटकी वाजवत बसतो.

"अवो, काय झालं कानाला?" तिनं विचारलं.

"काही न्हाई."

"काही न्हाई तर चुटक्या काहून वाजवून राहिले?"

तेव्हा त्यानं सांगितलं. सांगताना रडला. शकुंतलानं लगेच निताला फोन लावला, आणि निता फोनवर ओरडली, की असं झालं तर त्याच दिवशी यायला पाहिजे होतं, एवढे दिवस काय केलं.

नांदेडच्या डॉक्टरांनी त्याला काचेच्या बंद खोलीत बसवलं आणि कानांवर हेडफोन चढवले. आवाज आला की बटण दाबायचं. आवाज येतोय की आपल्यालाच वाटतंय, हे डाव्या बाजूला त्याला समजेना. काचेपलीकडे शकुंतला बसली होती, तिच्याकडे बघत तो अंदाजानं बटण दाबत राहिला. नंतर डॉक्टरांनी समजावलं, की आतल्या नसेला इजा झाली आहे. काही जणांना मग एकच सूर दोन कानांत वेगवेगळा ऐकू येतो. त्यांनी गोळ्या दिल्या.

"परत येईल का, साहेब?"

"काहींचं येतं. काहींचं अर्धं येतं. तुम्ही उशीर केलात."

"आणि उजवा?"

"उजवा आज चांगला आहे."

त्यातला 'आज' त्याच्या डोक्यात रुतून बसला. डॉक्टर सहज बोलले असतील. पण त्यानंतर रोज पहाटे जागा झाला की डोळे उघडण्याआधी तो उजव्या कानाजवळ चुटकी वाजवी. ती ऐकू येईपर्यंतचा क्षण त्याला विहिरीत पडल्यासारखा वाटे.

अशात वसमतहून सुमनबाईंचा फोन आला.

सुमनबाई शाळेत गाणं शिकवायच्या. निवृत्त झाल्यावर घरीच मुलींना शिकवतात. त्यांच्या सासऱ्यांनी निजामाच्या काळात हैदराबादहून रेल्वेनं एक पियानो आणला होता, तो अजून त्यांच्या माडीवर आहे. देविदास तो दरवर्षी लावून देतो. अलीकडे हे काम त्याला सोपं झालं होतं, कारण मोबाईलमध्ये सुराचा काटा आला होता. तार छेडायची, काटा मधोमध आला की झालं. कान बिघडल्यावर तर तो काटा त्याला देवासारखा वाटू लागला होता.

"या वेळी काट्यानं नका लावू, देविदास," सुमनबाई फोनवर म्हणाल्या. "मला पियानो जुन्या रीतीनं लावून हवाय. सगळ्या पट्ट्या सारख्या नकोत. आल्यावर सांगते."

नाही म्हणावं असं त्याच्या ओठावर आलं होतं. पण नाही म्हटलं तर बाई कारण विचारणार, आणि देविदासचा कान गेला हे एकदा वसमतला कळलं की सगळ्या जिल्ह्यात कळणार. मग पेटी कोण देणार? घाबरूनच तो "येतो बाई" म्हणाला.

शकुंतला त्याला एकट्याला सोडायला तयार नव्हती. तिची बहीण संगिता वसमतलाच दिलेली, तिच्याकडे मुक्कामाला म्हणून दोघं औंढ्यावरून एसटीनं गेले. हळदीचे दिवस होते. वसमतला उतरताच शिजलेल्या हळदीचा वास आला. सुमनबाईंच्या शेजारच्या आवारात हळद पॉलिश करायचा लोखंडी ड्रम घरघरत होता. देविदासनं आत शिरण्याआधी डाव्या कानात कापूस घट्ट बसवला.

"सर्दी झाली का?" बाईंनी विचारलं.

"व्हय. जराशी."

बाईंनी तंबोरा जुळवून ठेवला होता. त्यांच्या मुली पांढरी पाच ही पट्टी सा धरून गातात. बाई तंबोऱ्यावर सा लावून ग गायल्या आणि तो धरून ठेवला. मग पियानोवर तोच ग दाबला. पियानोचा ग वर होता. फार नाही, पण दोन्ही एकदम वाजले की हवेत खरखर व्हायची.

"मुली तंबोऱ्यावर बरोबर गातात," बाई म्हणाल्या. "पियानो लावला की बिचाऱ्यांचा ग ओढला जातो. पुण्याहून माझ्या भाचीनं, प्रतिक्षानं, एक रेकॉर्डिंग पाठवलं. तिथं एकानं पियानो पूर्वीच्या रीतीनं लावलाय. काही पट्ट्या एकदम गोड, काही कडवट. परदेशात तर आता बरेच जण असं लावून घेतात म्हणे. मला माझी एकच पट्टी गोड हवी. बाकीच्यांचं काय व्हायचं ते होऊ दे."

देविदासला ही रीत अगदीच ठाऊक नव्हती असं नाही. सिकंदराबादच्या एका चर्चचा पियानो मास्टरांनी त्याच्यादेखत असा लावला होता. पंचमावरून पंचम घेत बारा सुरांचा फेरा केला की शेवटी थोडं जास्तीचं उरतं, ते कुठंतरी जिरवावंच लागतं. हल्ली ते बाराही जागांत सारखं वाटून टाकतात. मास्टर म्हणाले होते, "सब में बांट दिया तो पूरा मीठा कोई नहीं, पूरा कडुवा कोई नहीं. ये वाले में बांटने का नहीं. एक कोने में जमा करके रखने का." आणि मग त्यांनी तो कोपरा वाजवून दाखवला होता. दोन सूर एकमेकांवर गुरगुरत होते. तरण्या देविदासला तो आवाज सहन झाला नव्हता. मास्टरांनी त्याला स्वतः कधी तसं लावू दिलं नाही, त्यानंही मागितलं नाही.

"सा, प, रे आणि ग स्वच्छ लावता येतील," तो अडखळत म्हणाला. "पण मग ध बिघडंल, बाई. सगळी अडचण धैवतावर येईल."

"येऊ दे. मुलींचा कार्यक्रम आहे, त्यात धैवतावर थांबायचं एकही गाणं घेत नाही."

आता सुटका नव्हती. फोनातल्या काट्याला ही रीत माहीत नव्हती. लहर ऐकायची, ती थांबवायची, एवढाच मार्ग होता, आणि त्यासाठी एकच कान उरला होता.

पियानोचं पुढचं फळकूट काढून त्यानं काम सुरू केलं. वर्षभरात तारा उतरल्या होत्या, बऱ्याच चढवाव्या लागणार होत्या. तारा जुन्या, खुंट्यांपाशी तांबूस गंज. किल्ली फिरवताना तार करकरली की तो हात थांबवायचा. त्यानं सा बसवला, सा वरून प घेतला. लहर भराभर, मग हळू, मग लांब, मग काहीच नाही. प बसला. सा वरून ग उतरवत आणला. काट्याच्या सवयीमुळे त्याचा हात नेहमीच्या जागी थांबू बघायचा. तिथून पुढे जायला भीती वाटायची, कारण तिथून पुढे सगळं खोल पाणी. तरी त्यानं तो उतरवला, आणि एका ठिकाणी आवाज पूर्ण शांत झाला. पण ती शांतता खरी, की उजवाही कान आता लबाडी करतोय? त्यानं तीनतीनदा तपासलं. डाव्या कानातली शिट्टी कापसातूनही डोक्यात घुमत होती. घाम पुसून पुसून रुमाल ओला झाला.

मधल्या सप्तकाचं काम होत आलं, मग तो वरच्या तारांकडे वळला. त्या बारीक तारांची लहर पकडायला त्यानं डोकं पियानोच्या आत घातलं, उजवा कान तारांना जवळजवळ टेकवला. पंचमाची तार चढवत होता. करकर झाली. त्यानं हात थांबवायच्या आत फाड्‌कन आवाज झाला.

तार तुटून तिचं टोक त्याच्या उजव्या कानामागं बसलं होतं. तो मागं कोलमडला. कानामागं हात लावला तर बोटांना रक्त. पण त्याचं लक्ष रक्ताकडे नव्हतं. खोली गप्प झाली होती. समोर सुमनबाई उभ्या होत्या, त्यांचे ओठ हलत होते. ड्रमची घरघर बंद. पंखा फिरत होता, आवाज नव्हता. मग उजवीकडेही शिट्टी सुरू झाली, डावीपेक्षा मोठी.

"शकुंतला!" तो ओरडला. आपण ओरडलो की नुसतं तोंड उघडलं, हे त्याचं त्यालाच कळलं नाही.

ती बाहेरच्या खोलीत होती, धावत आली. त्यानं हातानं कान दाखवला, मान हलवली. "तेव्हा मी मनात सगळं मोडून टाकलं होतं," तो मला म्हणाला. "पेट्या, किल्ली, सगळं. निताचा आवाज आता कधीच न्हाई, हेच डोक्यात."

शकुंतलानं त्याच्या डाव्या कानातला कापूस ओढून काढला, तिथं तोंड लावलं आणि घरच्या बोलीत जोरात विचारलं, "कांई वेगो?" म्हणजे काय झालं.

त्याला ऐकू आलं. पातळ, किनरा, पत्र्यातला आवाज. इतके दिवस ज्या आवाजाला तो भीत होता, तोच. शकुंतलाचा म्हणून ओळखूच न येणारा. त्यानं तिचा हात घट्ट धरला आणि म्हणाला, "परत बोल." ती परत बोलली. मग तो तिला बोलतच ठेवायला लागला, आणि तिला काय बोलावं सुचेना म्हणून ती तेच तेच बोलत राहिली.

जवळच्या दवाखान्यात डॉक्टरांनी जखम धुतली, बॅटरी लावून कानात पाहिलं. पडदा शाबूत होता. धक्क्यानं बधिर झालंय, बहुतेक उतरेल, शांत बसा, असं त्यांनी शकुंतलाला सांगितलं. तिनं ते त्याच्या डाव्या कानात सांगितलं. 'बहुतेक' हा शब्द तिनं गाळला होता, हे तिनं मला त्याच्या माघारी सांगितलं.

दुपारभर तो सुमनबाईंच्या अंगणात खुर्चीवर बसून राहिला. बाईंनी पोह्यांची बशी आणून ठेवली, ती तशीच राहिली. त्यांनी एका कागदावर 'घरी जा, पियानो राहू दे' असं लिहून दाखवलं. तेव्हा त्यानं खरं सांगून टाकलं. सर्दी नाही, डावा कान आधीच गेलेला आहे, बाळापुरात गेला, मी लपवलं. बोलताना त्याचा आवाज नको तेवढा मोठा होता आणि शेजारच्या आवारातल्या बाया काम थांबवून बघत होत्या. ज्या गोष्टीचा गवगवा होईल म्हणून तो भीत होता, ती त्यानं स्वतःच ओरडून सांगितली होती.

बाई वाकून त्याच्या डाव्या कानापाशी आल्या. "मला का नाही सांगितलं?"

"घाबरलो, बाई."

"कोणाला? मला?"



ऊन कलल्यावर त्याला उजवीकडून कसलीशी घरघर जाणवली. आधी छातीत, मग कानात. हळदीचा ड्रम. तो सकाळपासून फिरतच होता. थोड्या वेळानं पंखा आला, मग शेजारच्या बायांचं बोलणं, तुटक तुटक. त्यानं चुटकी वाजवली. आली. दबलेली, पण आली. शकुंतला त्याच्या तोंडाकडे बघत होती. त्यानं मान हलवली, तशी तिनं पदर डोळ्यांना लावला.

"बाई," तो म्हणाला, "सा आणि ग दाबा बरं जरा."

सुमनबाई माडीवर गेल्या. खिडकीतून सूर खाली आले. उजव्या कानात ते कापडात गुंडाळल्यासारखे होते, पण पाणी स्थिर होतं. मग त्यानं एक गोष्ट केली, जी त्यानं आजवर मुद्दाम टाळली होती. उजवा कान हातानं झाकला आणि डाव्या कानानं ऐकलं. दोन्ही सूर चुकीच्या जागी होते, चढलेले, पातळ. पण लहर नव्हती. त्या बिघडलेल्या कानातही ते दोघे एकमेकांशी भांडत नव्हते. त्यानं बाईंना ते परत परत वाजवायला लावले. डावा कान जागा खोटी सांगत होता, पण सूर जुळले की नाही हे खरं सांगत होता, एवढं त्याला कळलं. त्यामुळे भीती गेली का, असं मी विचारलं. "न्हाई गेली," तो म्हणाला. "पण काम करता येईल एवढी जागा झाली."

रात्री तो संगिताकडे झोपला. सकाळी तो परत माडीवर आला. पियानो अर्धवट होता, काही सूर बाईंच्या जुन्या रीतीत, काही काट्याच्या, असा तो कुणालाच वाजवता आला नसता. सुमनबाई स्टूल घेऊन शेजारी बसल्या. "लहर मलाही ऐकू येते," त्या म्हणाल्या. "तुम्ही फिरवा, मी सांगते."

त्यानं आधी तुटलेल्या तारेच्या जागी पिशवीतली नवी तार चढवली. डोक्याला शकुंतलाचा टॉवेल गुंडाळला, चष्मा लावला, तोंड बाजूला वळवलं. किल्ली फिरवताना तार कधी जास्त चढू लागली, कधी जास्त उतरू लागली. एकदा तर तो किल्ली खाली ठेवून जिन्यात जाऊन बसला. परत आल्यावर बाई म्हणाल्या, "अजून थोडी लहर आहे." त्यानं कणभर फिरवली. "आहे." आणखी कणभर. "आता नाही." त्यानं उजव्या कानानं ऐकलं. नव्हती.

असं करत दोघांनी पियानो लावला. धैवत शेवटी आला. तो कुठंही ठेवला तरी एका बाजूनं कुरकुरत होता. वरच्या काळ्या पट्ट्यांतले काही सूर एकत्र दाबले तर चक्क गुरगुर ऐकू यायची. देविदासला मास्टरांचा तो कोपरा आठवला. सुमनबाईंनी ती गुरगुर वाजवून पाहिली, तोंड वाकडं केलं आणि हसल्या. "इथं आम्ही येणारच नाही," म्हणाल्या. मग त्यांनी पांढरी पाच धरली आणि सा-ग-प एकत्र दाबला. खोलीत काहीच हललं नाही. शकुंतला दारात उभी होती. तिला यातलं काही कळत नव्हतं, पण ती नंतर मला म्हणाली, की तेव्हा नवऱ्याचे खांदे खाली आले, ते तिला दिसलं.

मुलींचा कार्यक्रम बाईंच्या माडीवरच झाला. देविदास गेला नाही. टाळ्या, माईक, गर्दी, उजव्या कानाला काही झालं तर, म्हणून. बाईंनी फोनवर सांगितलं, की मुलींचा ग जागेवर राहिला, पण एक पोरगी नेहमीच्या सवयीनं धैवतावर रेंगाळली आणि दचकून गप्प बसली. ऐकणाऱ्यांतल्या एका गृहस्थांनी पियानो बिघडलाय का, असंही विचारलं. बाईंना त्याचं काही वाटलं नाही. देविदासला मात्र दोन दिवस जेवण गेलं नाही.

डावा कान नंतर थोडा सुधारला. आता दोन सुरांतलं अंतर कमी झालंय, शिट्टी बारीक झालीय. नांदेडचे डॉक्टर म्हणतात, याहून जास्त बहुतेक येणार नाही. तो आता कुठंही कामाला गेला की आधी सांगून टाकतो, एका कानाचा माणूस आहे, शेजारी कुणीतरी बसा. काहींनी त्याला बोलावणं बंद केलं. बरेच जण बसतात. निताचा फोन तो उजव्या कानालाच लावतो, पण कधीकधी ती बोलत असताना मुद्दाम डावीकडे नेतो, सवय व्हावी म्हणून. पहाटेची चुटकी चालूच आहे.

पावसाळ्याच्या तोंडावर सुमनबाईंचा परत फोन आला. नवी तार ताणली जाऊन उतरली होती, तशी ती उतरतेच. देविदास माझ्या बाकावर बसला होता, शकुंतला शेजारी, मांडीवर डब्याची पिशवी. मी विचारलं, "जाऊन राहिला का?"

"जाऊन राहिलो."

"भीती?"

"हाय की."

हिंगोलीची जीप आली. शकुंतला आधी चढली आणि तिनं त्याला उजव्या बाजूच्या खिडकीपासून आत सरकायला लावलं, हॉर्न त्याच्या चांगल्या कानात नको म्हणून.